चौऱ्याहत्तर

टेमघरे म्हणाले, बहात्तर ठेवा.
भवानी पेठेत आठ बाय नऊचं दुकान,
त्यात ते, गॅसचं नळकांडं, पितळेच्या काड्या
आणि वडिलांपासून चालत आलेली मतं.
"पुढची नळी जितकी उभी, ताई, तितकी गाडी भांडखोर.
रस्त्यातलं सगळं मनगटाला कळवत बसते.
जरा कलती राहू द्या,
बाजीराव रोडने झोपेतसुद्धा घरी पोचाल."

मला झोपेत पोचायचं नव्हतं.
मी म्हणाले, चौऱ्याहत्तर.
त्यांनी कानावरची पेन्सिल काढली,
भिंतीवर आकडा लिहिला, खाली माझं नाव,
म्हणजे पुढेमागे चूक कुणाची याचा वाद नको.

आता दीड वर्ष झालं. माझंही मत तयार आहे,
या गावात राहून ते न होणं अवघडच.
ही गाडी वळवावी लागत नाही.
वळायचं मनात येतं, तोवर ती वळलेली असते,
आणि मन बदललं तर उशीर झालेला असतो.
डांबराचा पोत कळतो: कालचा, परवाचा,
महापालिकेने निवडणुकीआधी घाईत ओतलेला.
फिरकी नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरणार.
सिग्नलला मी पाय न टेकता उभी राहते,
इंचभर पुढे, इंचभर मागे,
शेजारच्या स्कूटरवरचे गृहस्थ काच वर करून विचारतात,
"ब्रेक कुठाय?"
पुढे एक आहे, दाखवते.
"आणि मागचा?"
मागचा मी.

दोष सांगायला हवेत.
हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं.
रेखाटनात दिसलं होतं, अकरा मिलिमीटर,
मी म्हटलं होतं, अकरा मिलिमीटर म्हणजे कितीसे.
नळ स्टॉपला भर चौकात आडवी झाले तेव्हा कळलं कितीसे.
एका रिक्षावाल्याने खाली न उतरता
इंजिन तेवढं बंद केलं. बरं वाटलं.

मागच्या चक्राला आधी सोळा दात होते, पुढे अठ्ठेचाळीस.
पाय रोखून घसटत थांबले की
टायर दर वेळी त्याच जागी झिजायचं, महिन्यात भोक.
मग सतरा केले. सतरा अठ्ठेचाळीसला भाग देत नाही,
त्यामुळे झीज गोल फिरत सगळीकडे जाते.
दोन्ही टायर मी सातवी ब मध्ये नेली,
मूळ संख्या शिकवायला.
तन्मयी कुदळे म्हणाली,
"मॅडम, म्हणजे ज्याची वाटणी होत नाही
तेच सगळ्यांना सारखं वाटतं?"
मी फळा पुसला. पुढचं उदाहरण घ्या म्हटलं.

चांदणी चौकातून कोथरूडला उतरताना एकदा
मी पाय थांबवले.
विचार करून नाही; उतार आला की पाय थांबतात,
आठव्या वर्षापासून थांबतात.
गाडीने मला सीटवरून उचललं,
वर्गात डुलकी घेणाऱ्याला कॉलरला धरून उठवावं तसं,
आणि पुन्हा ठेवलं.
खाली येईपर्यंत पाय माझे नव्हते.
दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच रस्ता घेतला.

गेल्या रविवारी सहज,
शाळेतला लाकडी कोनमापक घरी होता,
गवंड्याकडून ओळंबा मागून आणला,
गाडी पार्किंगमध्ये उभी केली आणि मोजलं.
त्र्याहत्तर.
पुन्हा मोजलं. त्र्याहत्तर.
म्हणजे माझी दीड वर्षाची सगळी मतं
दुसऱ्याच गाडीबद्दल होती,
किंवा याच गाडीबद्दल, आणि आकडा दुसरा.

टेमघरे एका शाळकरी पोराचं मडगार्ड ठोकत होते.
हातोडी थांबली नाही.
"तापली की नळी ओढली जाते, ताई. लोखंडच ते."
"बरोबर एक अंश?"
"आता लोखंडाला काय विचारणार."

भिंतीवर अजून चौऱ्याहत्तर आहे, खाली माझं नाव.
त्यांनी खोडलं नाही.
निघताना मी हवा भरून घेतली, पैसे घेतले नाहीत त्यांनी.
रास्ता पेठेच्या वळणावर गाडी माझ्याआधी वळली.
कुणी विचारलं तर
मी चौऱ्याहत्तरच सांगते.